वाफेचा तंबू आणि माझे जन्मजात गुलाबी गाल

६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
वाफेचा तंबू आला. एका खोक्यात सगळं: तंबू, नळी, पाणी उकळायचं भांडं, रिमोट, घडीची खुर्ची. माहितीपत्रकात म्हटलंय की रोजच्या प्रगतीची नोंद ठेवावी. म्हणून ही वही. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही.
हेतू: निव्वळ आरोग्य. रक्ताभिसरण, सांधे, शांत झोप, त्वचेची रंध्रं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईनं स्वतःकडे थोडं लक्ष द्यायलाच हवं. २४ तारखेच्या फोटोशी याचा काहीही संबंध नाही.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी
फोटोचं एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. आमच्या कॉन्व्हेंटच्या दर्शनी पायऱ्या पाडून तिथे उतार करणार आहेत. मॉनिटरनं (ही शाळेत मॉनिटर होती, ती अजून पायउतार झालेली नाही) ग्रुपवर फर्मान काढलंय. बेचाळीस वर्षांपूर्वी दहावीच्या फोटोत जी जिथे होती, तिथेच तिनं पुन्हा यायचं. सेम स्टेप्स, सेम पोझिशन.
माझी जागा पहिल्या ओळीत, मधोमध. सिस्टरनी हाताला धरून बसवलं होतं. माझे गाल जन्मजात गुलाबी. सिस्टर सगळ्या वर्गाला म्हणायच्या, हे बघा, देवानं स्वतःच्या हातानं रंगवलेले गाल. वर्ग मला अ‍ॅपल म्हणायचा.
तेव्हाचा फोटो काळा-पांढरा, त्यामुळे गाल कळत नाहीत. यंदाचा रंगीत आहे.

७ फेब्रुवारी, सकाळी ६.४५
पहिलं स्नान. पंधरा मिनिटं. खुर्चीवर बसायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची, डोकं तेवढं बाहेर. हात आत. आत गेल्याबरोबर नाकाला खाज सुटली.
हे पेपर घेऊन आले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ह्या पोस्टाच्या पेटीत पत्र कुठल्या बाजूनं टाकायचं? मी डोळे मिटून घेतले. तोंडाची वाफ कशाला दवडा.
नंतर आरसा. नाक लाल, कान लाल. गाल होते तसेच, दुधावरच्या सायीसारखे. पहिलाच दिवस आहे. वाफ आधी कडेकडेनं काम करत येत असणार.

८ फेब्रुवारी, क्लिनिकमध्ये, दुपारी १.२०
दातांच्या दवाखान्यात सतरा वर्षं आहे मी. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, रडक्यांना धीर द्यायचा आणि औजारं निर्जंतुक करायची. औजारं कागदी पाकिटांत घालून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची. पाकिटावर गुलाबी बाण असतो. वाफ नीट लागली की तो तपकिरी होतो.
हे यंत्र शेवटी भरपूर वाफ सोडतं. सतरा वर्षं ती फुकट चाललीये. आज हातभर अंतरावरून चेहऱ्यावर घेतली. छान वाटलं. डॉक्टर आत आले, बघितलं आणि म्हणाले, मावशी, चेहरा पाकिटात घालायचा राहिला. हुशार मुलगा आहे, पण थट्टेखोर.
गुलाबी बाण वाफेनं तपकिरी होतो खरा. माणसाच्या बाबतीत उलट असणार.

९ फेब्रुवारी
ग्रुपवर शिडीचा निरोप. एकच शब्द. येते.
भाजी करपली.

९ फेब्रुवारी, पुन्हा
शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. आमचं बाक एक, डबा एक, पावसाळ्यात छत्रीही एक. छत्री अर्थात तीच धरायची. माझी मैत्रीण. होती. जुन्या फोटोत माझ्या बरोबर मागे एक जागा रिकामी आहे. तिच्यातून भिंत दिसते. ती शिडीची जागा. ऐन वेळी सिस्टरनी तिला फोटोतून काढलं. कारण क्षुल्लक होतं. परीक्षा झाली, तिचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेलं, संपलं. बेचाळीस वर्षांत भेट नाही, पत्र नाही. माणसं अशी असतात, आपण काय करणार.
उद्यापासून वीस मिनिटं. शिडीमुळे नव्हे. थंडी वाढलीये.

११ फेब्रुवारी, सकाळी ८.००
अनुभव विचित्र. हे फिरायला गेले होते. मी आत. रिमोट खाली पडला, चेन अडकली आणि तेवढ्यात बेल. तशीच उठले. तंबूसकट, नळी ओढत, बदकासारखी दारापर्यंत गेले. पण हात आत, कडी बाहेर. आतूनच ओरडले की थांबा, मी तंबूत आहे. बाहेरचा कुरिअरवाला म्हणाला, बाई, मग पार्सल तंबूवर देऊ की घरी?
गेला परत. गुलाबपाणी होतं त्यात.
ह्यांनी येऊन सोडवलं. सोडवताना एक शब्द बोलले नाहीत. हे फार वाईट लक्षण आहे. आता चार दिवस तेच बोलतील.

१३ फेब्रुवारी
प्रगती: गुडघे बरे. झोप कमी. गाल तेच.
झोप कमी का याचा विचार केला. लिहूनच टाकावं म्हणते, मग येईल. तर शिडीला फोटोतून काढल्याचं ते कारण. फोटोच्या दिवशी सकाळी आमच्या बाकाच्या खणात लाल क्रेप पेपर सापडला. हा कागद ओला करून गालांवर चोळला की रंग चढतो. अशा गोष्टींना शाळेत सक्त मनाई. सिस्टरनी विचारलं, कुणाचा? शिडी काही बोलली नाही. मी काही बोलले नाही. सिस्टरनी दोघींना हात पुढे करायला सांगितले. शिडीची बोटं लाल होती. सिस्टरनी काय ते ओळखलं.
मी खोटं बोलले नाही. मला कुणी थेट विचारलंच नाही. गप्प बसणं आणि खोटं बोलणं ह्यांत फरक आहे. असावा.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
पंचवीस मिनिटं घेतली. माहितीपत्रकात वीसच्या वर नको असं ठळक अक्षरात आहे, पण ते सर्वसाधारण माणसांसाठी.
क्लिनिकमध्ये एका पेशंटला २१ तारीख द्यायची ती ३१ फेब्रुवारी दिली. त्यांनी लिहूनही घेतली. नंतर डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी मलाच पेशंटच्या खुर्चीत आडवं केलं, ब्लडप्रेशर बघितलं, दोन ग्लास पाणी पाजलं. म्हणाले, मावशी, वाफ चांगलीच असते. अंग मोकळं होतं, ताण जातो. पण तुमच्याकडे बघून ताण गेल्यासारखा वाटत नाही, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, रंध्रं उघडण्याची.
खुर्चीतून छत दिसतं. छताला पोपडे आलेत. सतरा वर्षांत माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी
मानेवर घामोळं. पाठीवर घामोळं. गाल सोडून सगळीकडे गुलाबी.
खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. चेहऱ्यावर तेज आलंय म्हणाल्या. मी खूश. मग विचारलं, ताप किती आहे?

१९ फेब्रुवारी, पहाटे ५.५०
पहिल्या पानावरचा ‘जन्मजात’ खोडला. परत लिहिला. परत खोडला.
शाळेत आरसा नव्हता. सिस्टरना आरसा म्हणजे पापाचं दार वाटायचं. मग गाल दोन्हीकडे सारखे झालेत का हे कळणार कसं? शिडी सांगायची. नुसती सांगायची नाही, लावूनच द्यायची. प्रार्थनेच्या आधी, हौदाच्या मागे, वाकून, जीभ किंचित बाहेर काढून, मन लावून. डावा जरा कमी आहे, थांब हं, म्हणायची. स्वतःच्या गालाला तिनं एकदाही लावला नाही. माझ्यासारख्या जिराफाला कोण बघतंय, म्हणायची.
बोटं लाल का आहेत, हे सिस्टरनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.
सांगितलं नसतं.
खाई त्याला खवखवे म्हणतात. घशाला नाही, घामोळ्याला खवखवतंय.

१९ फेब्रुवारी, सकाळी ९.००
उजेडात विचार स्वच्छ होतात. नवा मार्ग सुचला. २४ पर्यंत गाल खरोखरच गुलाबी झाले तर ते आपोआप माझे झाले. तेव्हाचं खोटं आता खरं. मग शिडीला सांगण्यासारखं काही उरतच नाही. पाच दिवस आहेत. सकाळ-संध्याकाळ घ्यावी.

२१ फेब्रुवारी
दोनदा घेतली. एका फोटोसाठी माणूस इतका शिजतो का, असं हे म्हणाले. मी म्हटलं, आरोग्य. ते म्हणाले, आरोग्याला सलाम, पण गेले पंधरा दिवस ह्या घरात सगळं वाफाळलेलं आहे, चहा तेवढा गार मिळतोय.
नवा चहा केला. त्यातही साखर विसरले.

२२ फेब्रुवारी, सकाळी
गाल झाले नाहीत तर, म्हणून एक छोटं भाषण तयार ठेवलंय. तंबूत मोठ्यानं म्हणून बघितलं. शिडी, त्या दिवसाबद्दल मला थोडं काही. इथेच अडकते. इंग्रजीत करून बघितलं. इंग्रजीत सोपं जातं, कारण त्यात आपण बोलतोय असं वाटत नाही.
हे दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. म्हणाले, यंत्राची वाफ रोज लिटरनं घेतेस, तोंडाची तेवढी एकदा सोड. मोकळी होशील.
माहितीपत्रकात असं काही नाही.

२३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००
शेवटचं स्नान. तीस मिनिटं. चेहरा बिटासारखा. गालसुद्धा. जमलं. सतरा दिवसांच्या नियमाचं फळ. आरशासमोरून हलवेना.

२३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०
उतरला.

२४ फेब्रुवारी, सकाळी ६.००
योजना. साडेसहा ते सात वाफ. सव्वासातला रिक्षा, दोन्ही बाजूंना पडदा, वारा लागू द्यायचा नाही. आठला फोटो. रंग तासभर टिकवायचा आहे. मन शांत आहे. दोन वेळा साडी बदलली.

२४ फेब्रुवारी, दुपारी ३.३०
क्रमानं लिहिते.
रिक्षात रंग उतरला. नाकावर राहिला. पायऱ्यांपाशी एकवीस म्हाताऱ्या उभ्या होत्या. क्षणभर वाटलं, आमच्या वर्गाच्या आया आल्यात.
मॉनिटरनं मला आपादमस्तक बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, काय गं अ‍ॅपल, हल्ली क्रेप पेपर मिळत नाही वाटतं? सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. घरातलं जुनं भांडं बघून हसावं तशा. एक म्हणाली, हिचा रुमाल कायम लाल असायचा. दुसरी म्हणाली, पावसात तर हिचे गाल हनुवटीपर्यंत यायचे. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सव्वा लाखाची म्हणून बेचाळीस वर्षं झाकलेली मूठ, आणि ती सगळ्यांनी कधीच उघडून बघितलेली.
शिडी बाजूला उभी होती. उंची तेवढीच. केस बारीक कापलेले. एका गुडघ्याला पट्टा. ती हसत नव्हती.
तिला हौदाच्या बाजूला नेलं. हौद आता नाही, तिथे सायकली लावतात. भाषण आठवेना. म्हटलं, तो कागद माझा होता. ती म्हणाली, लावणारी मीच की गं, मला काय नवं सांगतेस? मी म्हटलं, मी सिस्टरना सांगायला हवं होतं. ती म्हणाली, सिस्टरना नको होतं सांगायला. मला नंतर एक चिठ्ठी टाकली असतीस तरी पुष्कळ होतं. पोस्टमनला मी ओळखायला लागले होते. पहिली दोन-तीन वर्षं वाट बघितली, मग पोरं झाली, विसरले.
मी सायकली बघत राहिले. ती म्हणाली, हे बघ, अजून सॉरी म्हणाली नाहीस.
म्हटलं. मराठीत म्हटलं. चुकलं माझं.
ती हूं म्हणाली. बस. गळ्यात पडली नाही, माझे डोळे पुसले नाहीत. तेवढ्यात मॉनिटरची शिट्टी.
मी पहिल्या ओळीत, मधोमध बसले. फोटोग्राफर म्हणाला, मागची जागा रिकामी दिसतेय. वळून बघितलं. पुन्हा भिंत. शिडी वरच्या पायरीवर, पार कडेला, कठड्याशी. आधाराशिवाय तिला उभं राहवत नाही म्हणाली, मधे कुठे धरू?
मी उठले. मॉनिटर ओरडली, अ‍ॅपल, सेम पोझिशन. पाच पायऱ्या चढले. घामोळं टोचत होतं. शिडी म्हणाली, वेडी आहेस, इथून तू दिसणार नाहीस. मी म्हटलं, दिसले तेवढे पुष्कळ झालं.
तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माया वगैरे काही नाही. कठडा हलत होता.

२८ फेब्रुवारी
फोटो आला. रंगीत, मोठा, स्वच्छ. पहिल्या ओळीत मधे एक जागा रिकामी आहे. वर कडेला शिडी पूर्ण दिसते, पट्ट्यासकट. तिच्या शेजारी मॉनिटरचा अंबाडा, आणि अंबाड्याच्या वर माझं अर्धं कपाळ. गाल नाहीत.
ह्यांनी भिंग घेऊन शोधलं. म्हणाले, अठरा दिवस वाफ, आणि शेवटी भांग आला तेवढा. मग म्हणाले, भांग सरळ आलाय पण.
संध्याकाळी शिडीचा मेसेज. इतक्या वर्षांनंतर मला एकटीला आलेला पहिला, तोही तीन शब्दांचा. गुडघ्यांना चालतो का? (फोटोच्या दिवशी घामोळं बघून मॉनिटरनं मला खोदून विचारलं होतं, आता तंबूचा ग्रुपवर बभ्रा केलाय.)
चालतो म्हणून कळवलं. रविवारी घेऊन जाणार आहे. खोक्यात माहितीपत्रक आहे, चित्रंही आहेत, कुणालाही समजेल. पण तिची उंची बघता खुर्ची नीट लागेल की नाही शंका आहे. मी स्वतः तिच्याजवळ बसून बघितलेलं बरं. बराच वेळ लागेल.