डावीकडे

७ जानेवारी

बुद्धभूषणला काल पोचवून आलो. घरात बायका म्हणतात, रड गं साक्षी, मोकळी हो. रडू येतच नव्हतं.

माझा धाकटा भाऊ. बंदरातून जहाजांवर माणसं ने-आण करणारी लाँच चालवायचा. पहाटेच्या धुक्यात समोरून मालवाहू बार्ज आला, धडक झाली. एवढंच कळलंय. आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. आबा मात्र जेवले. मला त्यांच्या जेवण्याचा राग आला, आणि मग एकदाचं रडू आलं.

८ जानेवारी

रूपचंदचा फोन आला. पिंपळनेरचा, त्याच लाँचवर खलाशी, वाचलेला. मीच खोदून खोदून विचारलं. विचारायला नको होतं!

समुद्रावर दोन बोटी समोरासमोर आल्या की दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं — नियमच आहे. बार्ज वळला. आमच्या वेड्यानं लाँच डावीकडे घातली. थेट बार्जच्या पुढ्यात!

"ताई, त्याला नियम पाठ होता. हातच तिकडं गेला."

तो हात कुणी घडवला ते मला माहीत आहे. आबा एसटीचे ड्रायव्हर. मिसरूड फुटायच्या आधी त्याला सोनगीरच्या रस्त्यावर जीप शिकवली. समोरून ट्रक आला की एकच धोशा — काही होवो, आपली डावी सोडायची नाही. चुकला की टपली. पुढं पुढं तो चुकेनासाच झाला. आबा गल्लीभर कौतुक सांगत फिरायचे.

१० जानेवारी

आबांनी विचारलंच, कुणीकडे वळला होता? मी म्हणाले, उजवीकडे, बार्जवालाच सरळ आला. बोलून गेले. आता मागे कसं घेऊ?

आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, ह्यांना उजवीकडेच सांगत राहा, नाहीतर हेही जातील.

११ जानेवारी

चुलतभाऊ अभिमन दिवसभर ओट्यावर बसून बार्जवाल्याचा उद्धार करतो. येणारे-जाणारे माना डोलावतात. त्या माणसानं बिचाऱ्यानं नियम पाळला, आणि शिव्या खातोय माझ्यामुळे! मी मुकाट चहा देते. आबा उठून आत जातात.

१३ जानेवारी

परवा पुण्यानुमोदन. रूपचंद येणार, आदरांजलीला चार शब्द बोलणार. त्याला फोन करून हात जोडले — काहीही बोल, पण डावीकडे म्हणू नकोस. आबा उरलेला जन्म स्वतःला खात बसतील. तो म्हणाला, बरं ताई.

१५ जानेवारी

झालं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. फोटोत हसतोय गाढव!

रूपचंद उभा राहिला, हात प्लास्टरमध्ये. बुद्धभूषण खोलीवर सगळ्यांना भरीत करून घालायचा, ते सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, त्यानं उजवीकडेच घेतली होती, बार्जच वळला नाही. आबांनी त्याला जवळ घेतलं. जेवताना स्वतःच्या हातानं वाढलं, दोनदा.

मला हायसं वाटलं. भावाच्या पुण्यानुमोदनाला हायसं! धन्य माझी.

फार आठवण येते रे. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही मला.

१६ जानेवारी

सकाळी अभिमननं पुन्हा बार्जवाल्याचं सुरू केलं. आबांनी त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"त्याले शिव्या देऊ नको. रूपचंद भला पोऱ्या शे, पण त्याले खोटं बोलता येत नही. बार्ज जड, लाँच चपळ. उजवीकडे वळला असता तर बुद्धभूषण घरी आला असता. डावी त्याले मीच शिकवेल शे."