तिसऱ्या चौकटीतला कुत्रा

बाबा, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि आज एसटी स्टँडवर मी परत तुमच्यावर चिडले. नवं काम बघायला निघाले होते, गुहागरची गाडी लागायची होती. आंजर्ल्याचं काम सोडलंय मी, का ते विचारू नका, तिथली मालकीण म्हणजे... असो. शेजारच्या बाईच्या पेपरात कार्टून होतं: आ वासलेला गवई, कानांत बोटं घातलेले शेजारी. चित्रकार नवा, विनोद तुमचाच. इतक्या वर्षांत या लोकांना दुसरं काही सुचू नये? गाडी आली, मी चढलेच नाही. घरी आले.

तुमचं कार्टून दर रविवारी इथल्या पेपरात यायचं. पहिल्या चौकटीत गाणारी बाई, दुसरीत तिची तान, तिसरीत फजिती. नाकात चमकी, कपाळावर मोठं कुंकू, खांद्याशी तंबोरा. ती आई आहे हे अख्ख्या आळीला कळायचं, तुम्ही मात्र "अगो, ती कुणीही असेल" म्हणायचात. आणि तिच्या तोंडातून काय काढायचात? शेपटीवाले काळे ठिपके, बँडवाल्यांच्या कागदावर असतात तसे. आई एकदाच बोलली, "माझा सूर असा सुटा सुटा नसतो हो. एकातून दुसऱ्यात जातो. ऐकलात कधी?" तुम्ही हसलात. त्याच खोलीत बसून चित्रं काढायचात, पण भूप कुठला नि यमन कुठला, तुम्हाला सांगता आलं नसतं.

मग तो कुत्रा आला. तिसऱ्या चौकटीत, मान वर करून आईबरोबर रडणारा. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत बाजारात होते. बांगडेवाली सगळ्यांसमोर ओरडली, "काय वैनी, साथीदार कुठे ठेवलात? आज भुंकायला नाय आला?" सगळे हसले. आईसुद्धा हसली. घरी येऊन तिने बांगडे साफ केले, हात धुतले, तंबोऱ्याच्या तारा सैल केल्या आणि वर गवसणी चढवून नाडीची गाठ मारली. ती गाठ अजून सुटलेली नाही. "गंमत होती गो," तुम्ही म्हणालात. गंमत! तिचं गाणं गेलं आणि तुम्हाला पुढच्या रविवारची काळजी.

आता ती गाते ती फक्त मिक्सर चालू असताना. वाटण होईपर्यंत गाणं; बटण बंद की तोंड बंद. आज दारातच ते ऐकलं आणि हे लिहायला बसले. सगळं तुमच्या अंगावर टाकायचं होतं. पण कुत्रा तुम्हाला सुचला नव्हता. आई गायला लागली की शेजारचा कुत्रा रडतो, हे जेवताना मी सांगितलं होतं, तुम्ही हसावं म्हणून. तुम्ही इतके हसलात की हात न धुताच पेन्सिल शोधायला उठलात. बाबा, तो कुत्रा कधीच रडला नाही. ती गायला बसली की तो आपल्या घराच्या पायरीवर येऊन गप्प पडून राहायचा.

मिक्सर थांबला. "काय लिहितेस गो?" आई आतून विचारतेय.

"काही नाही," मी म्हटलं.