चौरस्त्यावरची धर्मशाळा

बुधवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज बरं वाटतंय. रस्ता रुंद करायच्या माझ्या नकाशात कुहीजवळच्या चौरस्त्यावरची जुनी दगडी धर्मशाळा पाडायची होती. गेल्या आठवड्यात तिच्या खांबांवर लाल फुल्या मीच मारल्या. तेव्हा हात कसा थांबला नाही?

आज तिच्या ओसरीत चहा विकणाऱ्या शेवंताबाईंनी मला मागच्या खोलीत नेलं. "माहा पोरगा इथंच झाला. पुरानं रस्ता बंद होता, आमी बैलगाडीत. थांबाले हेच छप्पर भेटलं. काहून पाडून राहिली वं पोरी?"

बाहेर आले, पुन्हा त्या लाल फुल्या. मग समोरची बाजू मोजली. तिकडे पडीक सरकारी जागा आहे. रस्ता दोन मीटर तिकडे सरकवला की झालं! हे आधी का नाही सुचलं? साहेबांना फोन केला. आधी चिडले, मग म्हणाले, "नवा नकाशा पाठवा, सही करतो."

शेवंताबाईंना सांगितलं. "मंग छपरावरचे फुटके कवेलू बदलून घेतो," म्हणाल्या आणि गल्ला तसाच सोडून शेजारी शिडी मागायला गेल्या.