पडद्याची दोरी माझ्या हाती

४ फेब्रुवारी १९३७, गुरुवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. चौथीत शाळा सुटली म्हणून काय झालं, स्वतःचं अक्षर स्वतःला लागतं, पुष्कळ झालं.
काम मिळालं. तेही ब्रॉडवेवर! पडद्याच्या दोरीवर. स्टेज मॅनेजर मिस्टर पेल्की यांनी विचारलं, डाकोटात काय करायचास? म्हटलं, घोडे आवरायचो. म्हणाले, मग दोरी ओढता येईल. भिंतीवर दोन दिवे आहेत. लाल लागला की दोरी धरायची, हिरवा लागला की पडदा खाली सोडायचा. बटणं त्यांच्याकडे. बाकी डोकं चालवायचं नाही म्हणाले. सगळ्यांनाच म्हणत असतील.
नाटकात मिस लेनोर हॅस्कट आहे! आमच्या गावात धान्याच्या कोठारात चादर टांगून मूकपट दाखवायचे, तेव्हा हिला उडत्या विमानाच्या पंखावर उभी असलेली बघितली होती. मी बाकाखाली शिरलो होतो. लहान होतो. आता तसं काही होत नाही.
आईला कळवलं की मी मिस हॅस्कटबरोबर नाटकात आहे. ह्यात खोटं काय?

८ फेब्रुवारी, सोमवार
मिस हॅस्कट आली. सिनेमातल्यापेक्षा बुटकी. एकोणीस वर्षं कॅलिफोर्नियात काढून पहिल्यांदा स्टेजवर. सिनेमात आवाज जवळच्या मायक्रोफोनला द्यायचा असतो, इथे गच्चीसारख्या उंच बाल्कनीतल्या शेवटच्या माणसाला. तिचा तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचला. मिस्टर पेल्की मागून ओरडले, मॅडम, आम्हीसुद्धा तिकीट काढलंय!
सगळे हसले. मी नाही हसलो. थोडा हसलो.
दोऱ्यांचा मुकादम ओडाऊड जुना खलाशी आहे. म्हणाला, पोरा, ह्या बाईचं नाटक पहिल्या शनिवारपर्यंत टिकलं तर मी माझी टोपी मोहरी लावून खाईन.

११ फेब्रुवारी, गुरुवार
विचित्र प्रकार. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मिस हॅस्कटचं मोठं भाषण आहे. ती विधवा, नवऱ्याला पुरून आलेली, दीर घर विकायला निघालेला, आणि ती त्याला अडवते. भाषण निम्म्यावर आलं आणि ती थांबली. प्रॉम्प्टर शब्द फेकतोय, ती ऐकत नाही. चेहरा सिनेमातल्यासारखा छान तयार ठेवलाय आणि वाट बघतेय. मग मिस्टर पेल्की म्हणाले, मॅडम, इथे ‘कट’ म्हणणारं कुणी नसतं. इथे खड्ड्यात पडलं की स्वतःच वर यायचं.
ती पांढरी पडली. मलाही कसंतरी झालं. पण ते दुपारच्या शिंपल्यांच्या सूपामुळे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहितो.
जेवणाच्या सुट्टीत मिस हॅस्कट माझ्याजवळ आली. विचारलं, पडदा तूच पाडतोस ना? म्हटलं, होय मॅडम, माझ्या हातात आहे सगळं. मग उलट्या बादलीवर बसली आणि बोलत सुटली. बाप तंबू घेऊन गावोगाव औषधाच्या बाटल्या विकायचा, गर्दी जमवायला सहा वर्षांच्या पोरीला नाचवायचा. मग सिनेमा. कड्याला लोंबकळली, पुरात वाहिली. म्हणाली, विमानाच्या पंखावर उभी होते ना, तेव्हासुद्धा घाबरले नाही रे. कारण कुणीतरी ‘कट’ म्हणणार हे ठाऊक होतं. इथे शब्द आठवतात, पण जीभ टाळूला चिकटते आणि कुणी म्हणतच नाही.
स्टुडिओवाल्यांनी तिला आईचं काम देऊ केलं होतं. मुलगा होणारा नट तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. तिने करार फाडला आणि इथे आली. स्टुडिओची माणसं पहिल्या प्रयोगाला येणार आहेत, आपटते का बघायला. आपटली तर आयुष्यभर आईची कामं, किंवा कदाचित तीही नाहीत.
मग माझा हात धरला. तिचा हात माशासारखा गार. म्हणाली, माझा ‘कट’ तू हो. मी कान चोळला की पडदा पाड. लोकांना वाटेल दोरी तुटली. दोरीला कुणी हसत नाही.
मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

१४ फेब्रुवारी, रविवार
शांतपणे विचार केला. दिव्याशिवाय पडदा पाडणं म्हणजे या धंद्यात खून. ओडाऊडला सहज विचारलं, समजा एखाद्याने चुकून पाडला तर? म्हणाला, आमच्या वेळी एकाने पाडला होता. आता तो फेरीबोटीवर शेंगदाणे विकतो. आणि बोटवाले पण त्याला दोरीला हात लावू देत नाहीत.
रात्रभर झोप नाही. खोली तापवणारा रेडिएटर फार खडखडतो. स्वप्नात मी शेंगदाणे विकत होतो आणि मिस हॅस्कट पाण्यात उभी राहून कान चोळत होती.
संकल्प: भ्यायचं नाही. सूप बंद. हे पार पडलं की ती मला कॅलिफोर्नियाला नेणारच. तिथे दोऱ्या खूप असतील.

१६ फेब्रुवारी, मंगळवार
रंगीत तालीम. पहिल्या अंकात मिस हॅस्कटने कान चोळला. मी सोडला पडदा! विजेसारखा! दीर झालेले मिस्टर ब्रॅडवेल नेमके खाली उभे होते. पडद्याच्या काठाला लोखंडी दांडी असते. त्यांची टोपी वाचली नाही.
मिस हॅस्कटच्या कानाला नुसती खाज सुटली होती.
मिस्टर पेल्की माझ्यासमोर येऊन अगदी हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, परत एकदा, टॉल्बर्ट, आणि या रस्त्यावरचं एकही थिएटर तुला झाडू मारायलासुद्धा घेणार नाही. मी तिचं नाव सांगितलं नाही. शूर माणूस सांगत नाही. शिवाय आवाजच फुटत नव्हता.
संध्याकाळी तिला कपडे चढवणाऱ्या मिसेस डोब्रिन ताजा भाजलेला ॲपल पाय घेऊन आल्या. म्हणाल्या, हे तिने पाठवलंय राजा. आणि खूण बदललीय. आता डावा हातमोजा. नाटकात ती स्मशानातून येते, मोजे शेवटपर्यंत हातात असतात. तिने डावा काढला की समज. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही दोघं एकमेकांना धरून बुडणार आहात.
ॲपल पाय चांगला होता. पोटात राहिला नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
आज पहिला प्रयोग. मी अगदी थंड आहे. म्हणजे हातपाय.
खाली मेकअपच्या खोलीसमोरून गेलो. आत मिस हॅस्कट बादलीत ओकत होती. मिसेस डोब्रिन पाठ चोळत होत्या आणि म्हणत होत्या, ओक बाळा ओक, मोठमोठ्या ओकल्यात. मीपण मागच्या गल्लीत जाऊन आलो. ती साथ असावी.
शेवटचं ठरवलंय. तिने मोजा काढला की पाडायचा. वचन म्हणजे वचन. पण पेल्की. पण वचन. पण शेंगदाणे.
पाडणार.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
सगळं नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी उलटसुलट सांगेल.
थिएटर भरलेलं. पहिला अंक ठीक. लोक खोकत होते, पण थंडी आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ते भाषण आलं. लाल दिवा लागला. मी दोरी धरली. आणि निम्म्यावर ती थांबली.
इतकी शांतता मी डाकोटात बर्फ पडतानासुद्धा ऐकलेली नाही. प्रॉम्प्टरचा आवाज फुटतोय, मिस्टर ब्रॅडवेल डोळे मोठे करताहेत. तिने विंगेत माझ्याकडे बघितलं आणि डावा मोजा काढला. एकेक बोट ओढून, हळूहळू.
मी त्या क्षणी सर्व बाजूंनी विचार केला आणि पडदा पाडायचा नाही असं ठरवलं. तिच्या भल्यासाठी. डोळे मिटले ते नीट विचार करता यावा म्हणून.
डोळे उघडले तर तिने उजवापण काढला होता. ओठ हलत होते. ‘प्लीज’ असावं. मी तरीही ठाम. मग तिचा चेहरा बदलला. कोठारातल्या चादरीवरही असा चेहरा पाहिला नव्हता. तिने दोन्ही मोजे चुरगळले आणि माझ्या दिशेने फेकले, नि ओरडली, भित्र्या! ह्या घरातून मी जाणार नाही! ‘भित्र्या’ नाटकात नाही. पुढचं आहे.
मग ती जी सुटली! बाल्कनीच काय, रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यालाही ऐकू गेलं असेल. मिस्टर ब्रॅडवेल खरोखर दोन पावलं मागे सरले. भाषण संपलं. हिरवा दिवा लागला.
इथे एक छोटी अडचण आली. माझे हात दोरीवरून निघेनात. दिवा हिरवा, मिस्टर पेल्की पलीकडून मूठ दाखवताहेत, हात आपले नाहीतच. ती स्टेजवर एकटी, दम लागलेली, उभीच. लोकांना वाटलं नाटकातच तसं आहे. आधी एक उठला, मग सगळे उठले. टाळ्या थांबेनात. ओडाऊडने येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी तिने मोजा काढला तशी, आणि पडदा पाडला.
दोरी सर्दावल्यामुळे बोटं अडकली असणार.

त्याच दिवशी, दुपार
मिसेस डोब्रिननी पेपर वाचून दाखवले. ती शांतता, ते मोजे, तो संताप, सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय. एकाने लिहिलंय, अशी नटी सिनेमाने इतकी वर्षं दडवून ठेवली. स्टुडिओची माणसं फुलं देऊन गेली. म्हणजे माझा निर्णय बरोबर होता. आता तिचं बोलावणं कधीही येईल. कॉलर धुवून टाकली.
बोलावणं मिस्टर पेल्कींचं आलं. काढून टाकलं.

२० फेब्रुवारी, शनिवार
पेटी बांधत होतो, तर मिसेस डोब्रिन जिना चढून धापा टाकत आल्या. म्हणाल्या, सोड ती पेटी. तिने पेल्कीला सांगितलंय, तो पोरगा गेला तर मीपण जाते.
मी म्हटलं, माहीत होतं! उपकार विसरणारी बाई नव्हे ती.
त्या म्हणाल्या, कसले उपकार राजा? कालच्या प्रयोगाला तू नव्हतास. विंगेत ओडाऊड होता, तिने बघितलं, तो मिशीत हसला, आणि पोरीची जीभ परत चिकटली. भाषण कसंबसं ढकललं. रडत आली माझ्याकडे. म्हणाली, डोबी, भीती गेलेली नाहीये. पण त्या पोराचं तोंड दिसलं की राग भीतीपेक्षा मोठा होतो. तेवढ्यावरच मी बोलू शकते.
मी म्हटलं, मग दोरी परत माझ्याकडे?
त्या म्हणाल्या, देवा, नाही. दोरी ओडाऊडकडेच. तू नुसता तिथे.

२२ फेब्रुवारी, सोमवार
नवीन काम सुरू. थोडक्यात, बढती. अंगमेहनत अजिबात नाही. आईला कळवलं की मिस हॅस्कट माझ्याकडे बघूनच काम करते.
ती विंगेतून स्टेजवर गेली. घाबरलेली होती. मीपण. मोजे तोंडावर आले. काल मिसेस डोब्रिननी त्यांना बटणं लावली आहेत, ती लागतात.
ओडाऊड माझ्यामागे दोरी धरून असतो. त्याला विचारलं, माझं काम नेमकं काय?
म्हणाला, घाबरलेलं दिसायचं आणि जागचं हलायचं नाही.
म्हटलं, मग आधी एकदा तालीम करायला हवी ना?
त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, नको.