सेंटरवरची आई

आई, मागच्या बुधवारी मी पांढुर्ण्याला तुझ्या त्या सेंटरवर जाऊन आलो. प्रेमाने गेलो असं समजू नको. भांडायला गेलो होतो.

झालं असं, की तुझा तो पेटीवाला आता मोठा माणूस झाला आहे. तोच, जो संत्र्याच्या हंगामात मंडीत लाकडी पेट्यांना खिळे मारायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या दंडात सुई. सुई सुटून त्याला बरीच वर्षं झाली आणि तुझ्यामागे सुईवाल्या पोरांचं ते सेंटर तोच चालवतो. यंदा त्याला परदेशात बोलावलं होतं. नशा करणाऱ्या माणसांना नशा सुटेपर्यंत, आणि सुटली नाही तरीही, धडधाकट कसं ठेवायचं यावर बोलायला देशोदेशीचे लोक जमले होते. त्यांच्यापुढे आपला पेटीवाला कोट घालून हिंदीत बोलला आणि शेजारी उभी असलेली एक बाई त्याचं इंग्रजी करत गेली. तो व्हिडिओ आपल्या सौंसरच्या प्रत्येक मोबाइलवर पोचला, माझ्यावर तर सकाळपासून आदळतच होता. त्यात तो म्हणतो, मला माझ्या आईने वाचवलं. आणि मागच्या पडद्यावर फोटो येतो तुझा.

तुला मूल एकच आहे, असं तू स्वतः रेशनकार्डावर लिहून दिलं होतंस. मी ते काढून पाहिलं. अजून एकच आहे.

तुला ठाऊक आहे, मी नागपूरच्या पेपरात दर आठवड्याला लोकांची टिंगल लिहितो. याचीही लिहायला बसलो. कोट खांद्यावर कसा लोंबत होता, तिथल्या टाळ्या कशा मोजूनमापून पडत होत्या, सगळं टिपून ठेवलं होतं. पण दुसऱ्या परिच्छेदाला हसू येईना. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर माणसाला कळतं, की आपण विनोद लिहून राहिलो की जळून राहिलो. कागद फाडला आणि पांढुर्ण्याची बस पकडली.

आता दुसरी गोष्टही सांगून टाकतो. माझं तोंड उघडत नाही. खर्ऱ्याने, त्या घोटलेल्या तंबाखू-सुपारीने, आतली कातडी चामड्यासारखी झाली आहे. निरोगी माणसाची तीन बोटं उभी आत जातात म्हणे, माझी दीड जेमतेम. तिखट लागलं की आग होते, आणि संत्र्याच्या या मुलुखात राहून मला संत्र्याची एक फोड तोंडात ठेवता येत नाही. नागपूरच्या डॉक्टरला गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा म्हणाला. दोनदा तारीख दिली, दोनदा मी गेलो नाही. तुझ्या सुनेला सांगितलंय की दाढ दुखते. ती बिचारी रोज भात गिजगा करून देते.

यातही तुझा हात आहे, असं म्हणायला मी बसलो आहे. चिडू नको, ऐक.

तू सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर होऊन सेंटरवर जायला लागलीस, त्या पहिल्या उन्हाळ्यातली दुपार. मी भरल्या वांग्याचा डबा घेऊन येतो. तू जमिनीवर मांडी घालून बसली आहेस, पेटीवाल्याचा हात तुझ्या मांडीवर, आणि त्या हाताला असा फोड की मी दारातच थांबतो. तू कापसाने पू काढते आहेस. कपाळावर आठी नाही. विचारतेस काय, तर, "जेवला का?" मग, "आज याच हातात घेतलं का? उद्या त्या हातात घे. याले आराम दे दोन दिवस." त्याची वापरलेली सुई डब्यात टाकतेस, नवी सुई पाकिटासकट हातावर ठेवतेस, वर म्हणतेस, "कोणाची घेऊ नको अन् कोणाले देऊ नको, बाबू." कधी सोडतो, हे विचारत नाहीस. आणि मग माझ्या हातातला डबा घेऊन अर्धी भाकर, वांग्यासकट, त्याच्यापुढे. मी उभाच.

पुढे एक गोरी डॉक्टरीण सेंटर पाहायला आली, तेव्हा तुझ्या या वागण्याला तिच्याकडे भलामोठा इंग्रजी शब्द निघाला. तो ऐकून तू मला म्हणाली होतीस, "एवढं काय त्यात? तोंड वाकडं नाही कराचं, बस."

त्याच दिवशी संध्याकाळी सौंसरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू कोपरापर्यंत हात धुतेस, आणि त्याच हाताने खुंटीवरच्या माझ्या शर्टाचा खिसा तपासतेस. तिशी उलटलेल्या, शाळेत मास्तर असलेल्या माणसाची झडती. खर्ऱ्याची पुडी निघते. ती तू मोरीत फेकतेस, वरून तांब्याभर पाणी, आणि मग तोंड सुटतं. लाज नाही वाटत, सडशील, मरशील एक दिवस अन् मलेच पाहा लागन. तोंड इतकं वाकडं, की शेजारची बाई खिडकी लावून घेते. नंतर मोरीत लाल दिसतं का, हे वाकून पाहणं वेगळं.

एकदाच मी विचारलं. "त्याईले नवी सुई देते अन् माह्या खिशातली पुडी फेकते, हा कोणता न्याय व आई?" तू भाकर थापत होतीस. हात थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. "तू गप बैस," एवढंच म्हणालीस, आणि भाकर कडेला फाटली.

मग मी थुंकणंच बंद केलं. मोरीत लाल सापडायला नको म्हणून गिळायला शिकलो. तू सेंटरवर त्या पोरांना सांगायचीस, लपून घेऊ नका, लपून घेणारा लवकर मरते. घरी आलीस की मला लपायला शिकवायचीस. तू गेल्यावर झडती बंद झाली, गिळायची सवय तेवढी राहिली. बारा वर्षं झाली तुला जाऊन.

तर, बुधवारी पोचलो. दोनच खोल्या आहेत अजून. भिंतीवर तुझा फोटो, हसतानाचा. आमच्या घरचा पेन्शनच्या फॉर्मवरून मोठा केलेला आहे, त्यात तू सरकारकडे पाहावं तशी पाहतेस. तू अशी दात दाखवून कधी हसलीस, कोणासाठी, कोणी काढला? मी पार पेटून गेलो.

"तू माह्या आईले आई म्हणाला. कोणाले विचारून?"

"कोणालेच नाही, भाऊ," तो म्हणाला. "सिस्टरबाई म्हणाचं ठरवलं होतं, तोंडातून आई निघून गेलं. नंतर मले वाटलं, तुमी याल."

"भांडाले?"

"हाव. बसा न, च्या घेऊन भांडा."

चहा आला. मी तो निवायची वाट पाहत बसलो आणि मग बशीच्या कडेने चोखत प्यायलो. तो पाहत होता. अशा पाहण्यात त्याचं आयुष्य गेलं आहे.

"भाऊ, किती बोटं जातात?"

मी म्हटलं, कसली बोटं? त्याने आपली तीन बोटं उभी धरली. शेवटी मी दीड बोट दाखवलं.

त्याने तोंड वाकडं केलं नाही. विचारलं, "जेवले का?"

या वयात, रुमाल शोधायची वेळ आली. मी शिंक आल्यासारखं केलं. तो सांगत राहिला, साधं, हळू. गिळू नका, थुंका. तोंडात ठेवून झोपू नका. आजची एक पुडी उद्यावर ढकलता आली तं ढकला, नाही आली तं नाही. नागपूरले मी येतो संग. आत नाही येत, बाहेर बेंचवर बसतो. "बाईबी आमच्यासाठी बाहेरच बसत."

माझ्यासाठी तू कुठल्या बेंचवर बसलीस, हे आठवायचा मी प्रयत्न केला. तुझा लाडका माझ्या चेहऱ्यावरून ते वाचत असावा. म्हणाला, "एक डाव मी बाईले म्हटलं, पोरालेबी असंच सांगा न, जरा प्रेमानं. तं म्हणे, तुमच्यापाशी माहा हात नाही थरथरत, बाबू. त्याची पुडी दिसली का थरथराले लागते, मंग तोंडातून शिव्याच निघतात."

हे ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं. पहिला विचार काय आला सांगू? हेही त्यालाच सांगितलंस. भाकर थापताना हात थांबला होता, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. थोडं रागवायचं राहू दिलं असतंस आणि हे बोलली असतीस, तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. कदाचित थुंकलो असतो.

डॉक्टरकडून येत्या मंगळवारची नवी तारीख घेतली आहे. सकाळच्या बसने तो सौंसरला उतरणार आणि आम्ही पुढे नागपूरला जाणार. तुझ्या सुनेला काल सांगितलं, दुखणं दाढेचं नाही म्हणून. ती भांडली नाही, याची भीती वाटते. हा मजकूर पेपरात छापायला देणार नाही, आणि दुसरीकडे कुठे देण्यासारखा नाही, म्हणून शाळेच्या जुन्या वहीतच राहील. पण एक बाकी आहे. निघताना त्याने विचारलं होतं, दिवसाच्या किती पुड्या, भाऊ? खरं बोलायची तीच जागा होती, तिथे कोणी रागवत नाही. मी तीन म्हणालो.

सात आहेत, आई. त्याला मंगळवारी सांगीन. तुला आधी सांगितलं.