अकराव्या जोडीची काच

हडपसर, १६ नोव्हेंबर २०१०

प्रिय सुहासिनी,

पाडव्याला तू येऊन गेलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. तुझा स्टीलचा डबा इथंच राहिला, घासून ठेवलाय. आईचा गुडघा आहे तसाच आहे. तिची रामनामाची तेरावी वही चालू आहे. फोनवर आपण एवढंच बोलतो, म्हणून हे लिहितोय. पोस्टात टाकत नाही, सोबत काच आहे. श्रीधरराव ऑफिसातून तुमच्या घरी परतताना इकडून जातील, त्यांच्या हाती देतो.

आमची प्रयोगशाळा डिसेंबरात नव्या इमारतीत जातेय. जुनी कपाटं मलाच उपसायला सांगितली आहेत, कारण सूक्ष्मदर्शकाच्या कुठल्या काचेवर काय आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे. मी मॅट्रिक नापास, काचा धुण्यासाठी लागलेला माणूस. घोड्याची चौसष्ट, गाढवाची बासष्ट आणि खेचराची त्रेसष्ट गुणसूत्रं ओळखायला माझा मीच शिकलो, शब्दकोश मांडीवर घेऊन. पुढं एमएस्सीची मुलं काचा घेऊन माझ्यापुढं उभी राहायची. मी पास म्हटलं तर काच कपाटात, नापास म्हटलं तर आम्लाच्या टाकीत. काच धुऊन पुन्हा वापरायची, हा तिथला रिवाज. टाकीत गेलेलं परत काढता येत नाही.

गेल्या महिन्यात बाहेरून आलेल्या एका मुलाचं व्याख्यान झालं. गुणसूत्राच्या कंबरेपाशी तीच ती अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात, आईच्या वहीसारखी, हे तुला मी सांगायला नको. तू कोथरूडच्या क्लासात बारावीच्या मुलांना तेच शिकवतेस. रंग दिला की तिथं काळा ठिपका दिसतो. तो मुलगा म्हणाला, घोड्याच्या अकराव्या जोडीत ही पुनरावृत्ती नसतेच. पान कोरं, आणि तरी पेशी दुभंगताना ती जोडी बाकीच्यांसारखीच बरोबर ओढली जाते. ती कंबर नवी आहे, अजून भरायची आहे, असं त्यांचं म्हणणं. गाढवात तर अशा कोऱ्या जागा बऱ्याच. लोकांनी प्रश्न विचारले. मी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि कपाटं उपसायला गेलो. मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. हात मात्र जुन्या रजिस्टरकडे गेला.

फेब्रुवारी एकोणीसशे नव्याण्णव, पान एकशे बारा. तुझ्या प्रोजेक्टच्या बेचाळीस काचा. तू माझ्याच हाताखाली काम करत होतीस, आणि पोरीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुला इतरांपेक्षा जास्त घासलं. घोड्याच्या गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून, लांबीप्रमाणे जोड्या लावून तू तक्ता चिकटवलास आणि श्यामसुंदर सरांपुढं ठेवलास. एकतीस जोड्यांवर ठिपके होते, अकरावीवर नव्हता. सरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "मच्छिंद्र, तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "रंग बसलेला नाही. हात कच्चा आहे." तू हळूच म्हणालीस, "आप्पा, बाकीच्यांवर बसलाय की." सगळे हसले. एक जण म्हणाला, बापाची परीक्षा घेते काय गं. तू तक्ता गुंडाळलास. जूनमध्ये पीएचडीचा अर्ज भरला नाहीस. कारण मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

रजिस्टरात माझ्या अक्षरात आहे: "बेचाळीस काचा, रंग सदोष. एकेचाळीस टाकीत. एक फुटली." तीस वर्षांत त्या रजिस्टरात मी दोनच खोट्या नोंदी केल्या, त्या दोन्ही या एका ओळीत आहेत. काच फुटली नव्हती. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती पुन्हा भिंगाखाली घेतली होती. रंगात खोट असती तर ती सगळ्याच जोड्यांवर दिसली असती. हे काचा धुणाऱ्यालाही कळतं. मग ती कागदात गुंडाळून माझ्या खणात ठेवली आणि बाकीच्या टाकीत सोडल्या. खरं म्हणजे सगळ्या खोलीसमोर तू मला विचारलंस, तेव्हाच मला दिसलं होतं. पण तू एमएस्सीची होतीस आणि मी कोण होतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेवढ्यासाठी.

आता त्या ओळीवर लाल शाईनं काट मारून खरं काय ते लिहिलंय, खाली सही आणि तारीख घातली आहे. नव्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, आता याचा काय उपयोग? बरोबर आहे त्यांचं. तरी छायाप्रत सोबत जोडली आहे.

पाडव्याला तुझी मुलगी दारात रांगोळीसाठी हट्ट धरून बसली होती. तू स्वयंपाकघरातून हसत म्हणालीस, "माझा हात कच्चा आहे गं, आप्पांना विचार." मी तिथंच पेपर वाचत होतो. अकरा वर्षं मी समजत होतो की तू माझ्यावर रागावली आहेस. त्या दिवशी कळलं, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. म्हणून ही काच. कडेनं धर, रंग थोडा फिका झालाय. डाव्या कोपऱ्यापासून अकरा मिलिमीटरवर बघ. तुझा हात कच्चा नव्हता.

तुझाच,
आप्पा