घासलेली भांडी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही मोरीशी उभी राहिले की तुम्ही मागे आहात असं वाटून माझी मान ताठ होते. लग्न होऊन महाळुंग्याला आले तेव्हापासून सासू म्हणून तुम्ही मला एकदाही टाकून बोलला नाहीत. मी घासून पालथी घातलेली भांडी तेवढी गुपचूप उचलायचात आणि पुन्हा घासायचात. एकदा मी रडत विचारलं, "आत्याबाई, काय राहिलं होतं त्यात?" तर हात न थांबवता म्हणालात, "काय न्हाई गं. माझ्या मनाचं समाधान." त्या समाधानाचा मला किती राग यायचा! माझी सून आली की तिच्या भांड्याला हात लावायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पुढे चाकणच्या कंपनीत माल तपासायला लागले. दुसरीने पास करून खूण केलेला पार्टही मी उचलून पुन्हा बघायचे, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "ताईंच्या हातून खराब माल जात नाही." मी फुगून घरी यायचे. हा गुण कुणाचा, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

कळलं ते गेल्या महिन्यात. सून ऑफिसातून दमून आली होती, तरी तिने कुकर घासून ठेवला, आणि मी बोलता बोलता तो उचलून घासायला लागले. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "आई, माझं घासलेलं तुम्हाला कधीच चालत नाही का हो?" मी म्हणाले, "काही नाही गं, माझ्या मनाचं समाधान." शब्द तोंडातून गेले आणि मी घासणी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आई, आम्ही वाकडला फ्लॅट बघतोय." आत्याबाई, तुमचा लेक गेल्यापासून हे घर त्या दोघांमुळेच घर आहे. ते गेले तर मी एकटीच उरते.

तेव्हापासून हात आवरतेय. ती भांडी घासते तेव्हा मी पदर मुठीत धरून लांब बसते. ताटाला चिकटलेलं शीत दिसतं, जीव वरखाली होतो, तरी उठत नाही. आज सकाळी माझा चहाचा कप मीच घासून ठेवला. ती फोनवर तिच्या आईशी बोलत होती, "नाही गं, अजून ठरलं नाही, बघू." बोलता बोलता तिने माझा कप उचलला, पुन्हा घासला, पालथा घातला. तिच्या लक्षातही आलं नाही.

तिथेच सांगायला हवं होतं. पोरी, हे तुझं नाही, हे इथेच ठेवून जा. मी तोंड उघडलंही होतं. पण हे ऐकून ती आजच बॅग भरेल, अशी भीती वाटली.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून खरं लिहिते. ती ऑफिसला गेल्यावर मी तो कप उजेडात धरून तपासला. इतके दिवस माझ्याकडून तळाशी राहिलेला डाग तिने काढला होता. आणि मला बरं वाटलं, आत्याबाई.